फ्लॉरेन्समध्ये दोघांचा एक दिवस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सप्टेंबरच्या अखेरीस आम्ही दोघं रोमहून सकाळच्या गाडीने फ्लॉरेन्सला गेलो आणि रात्री परत आलो. माझी पन्नाशी उलटली आहे, हे साठीला टेकलेत आणि यांचा डावा गुडघा जिने पाहिले की कुरकुरतो. परत आल्यापासून नणंद, भाचेजावई, बँकेतल्या जुन्या मैत्रिणी, सोसायटीतले लोक असे सगळे तेच ते विचारतायत. फोनवर दर वेळी तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाच लिहून ठेवते.

एका दिवसात फ्लॉरेन्स होतं का?

नाही. पण दिवस छान जातो. जुनं शहर लहान आहे. स्टेशनपासून दुओमो, म्हणजे मुख्य कॅथीड्रल, चालत दहा-बारा मिनिटांवर आहे आणि तिथून नदी आणखी तेवढीच. अंतरं छोटी असल्यामुळे माणूस फसतो आणि सात ठिकाणं यादीत लिहितो. वेळ चालण्यात जात नाही. तो जातो रांगेत, बॅगा तपासण्यात आणि आत गेल्यावर पाय निघत नाही त्यात.

आमचा नियम असा होता: तिकिटाची ठिकाणं दोनच, एक जेवणाआधी आणि एक जेवणानंतर. बाकी सगळं रस्त्यावरून, फुकट.

कसं गेलात? गाडीचं आरक्षण आधी करावं लागतं का?

रोमच्या तेर्मिनी स्टेशनवरून वेगवान गाडीने साधारण दीड तास लागतो. उतरायचं सांता मारिया नोव्हेल्ला या स्टेशनवर. तिकिटावर फिरेन्झे एस. एम. एन. असं लिहिलेलं असतं, कारण इटालियन लोक गावाला फिरेन्झे म्हणतात. फ्लॉरेन्स नावाचं स्टेशन शोधत बसू नका. गावात दुसरीही स्टेशनं आहेत, नाव नीट वाचा.

वेगवान गाड्यांची तिकिटं विमानासारखी असतात, लवकर काढली की स्वस्त. साध्या प्रादेशिक गाडीचं भाडं ठरलेलं असतं, पण ती दुपटीहून जास्त वेळ खाते आणि एका दिवसाच्या प्रवासात ते परवडत नाही. प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट घेतलंत, तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात त्यावर शिक्का मारून घ्यायचा. नाहीतर खिशात तिकीट असूनही दंड होतो.

व्हेनिस किंवा मिलानहूनही वेगवान गाडीने दोन तासांच्या आसपास पोचता येतं.

कोणत्या वारी जावं?

सोमवारी नको. उफ्फिझी हे चित्रांचं संग्रहालय आणि मायकेलअँजेलोचा डेव्हिड हा पुतळा असलेली आकादेमिया, दोन्ही सोमवारी बंद असतात. रविवारी सकाळी कॅथीड्रलमध्ये प्रार्थना असते, पर्यटकांना आत सोडत नाहीत. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयं फुकट असतात, हे ऐकून आनंद होतो खरा, पण तोच आनंद गावभर झालेला असतो आणि सगळे रांगेत उभे असतात.

आम्ही बुधवारी गेलो.

तुमचा दिवस नेमका कसा होता? वेळा सांगा ना.

नऊच्या सुमारास उतरलो. स्टेशनवरच्या कॉफीच्या दुकानात उभ्या उभ्या कॉफी घेतली. साडेनऊ ते साडेअकरा आम्ही वेगवेगळे होतो, त्याबद्दल पुढे सांगते. साडेबाराला जेवण. सव्वादोनला डेव्हिड. साडेतीनला सिन्योरिया चौक, मग पोन्ते वेक्यो हा जुना पूल. साडेचारच्या सुमारास ट्रामने काशिने उद्यान, तिथून कोल्हापूरच्या महाराजांच्या छत्रीपर्यंत पायी, तिच्याबद्दलही पुढे सांगते. सूर्य मावळता मावळता परत स्टेशन, आणि सव्वाआठची गाडी.

वेगवेगळे? भांडलात का?

हा प्रश्न नणंदेने तीनदा विचारला आहे. नाही भांडलो. म्हणूनच वेगवेगळे गेलो.

मला कॅथीड्रलच्या घुमटावर चढायचं होतं. ४६३ पायऱ्या, लिफ्ट नाही. यांच्या गुडघ्याला ते शक्य नव्हतं. पूर्वी अशा वेळी आम्ही दोघंही न जाता खाली कुठेतरी बसायचो, आणि मग संध्याकाळपर्यंत मी गप्प आणि हे समजूतदार. या वेळी ठरवलं की दोन तास ज्याने त्याने आपापलं पाहायचं आणि साडेअकराला बॅप्टिस्टरीच्या, म्हणजे कॅथीड्रलसमोरच्या बाप्तिस्म्याच्या इमारतीच्या, सोनेरी दारापाशी भेटायचं. मी वर गेले. हे कॅथीड्रलच्या मागच्या संग्रहालयात गेले, तिथे लिफ्ट आहे. जेवताना दोघांकडेही दुसऱ्याला सांगण्यासारखं काहीतरी होतं. तीस वर्षांच्या संसारात जेवणाच्या टेबलावर असं फार वेळा होत नाही.

एकाच ठिकाणी दोघांनी ओढाताण करत जाण्यापेक्षा हे करून पाहा. भेटायची जागा मात्र ठरवताना 'चर्चसमोर' असं मोघम बोलू नका. त्या चर्चला चारी बाजूंनी समोर आहे.

घुमटावर चढणं खरंच एवढं खास आहे का?

माझ्यासाठी तोच दिवस होता, त्यामुळे थोडं लांबवते.

कॅथीड्रलचं बांधकाम १२९६ मध्ये सुरू झालं. भिंती चढल्या, पण घुमटाची जागा पुढची कित्येक वर्षं उघडीच राहिली, कारण सुमारे ४५ मीटर रुंदीचं ते भगदाड झाकायचं कसं हे कुणाला उमगत नव्हतं. आपल्याकडे स्लॅब टाकायचा तर खालून सेंट्रिंग लावतात, कमानीलाही लावतात. इथे तेवढ्या उंचीवर सेंट्रिंग लावायला लाकूड कुठून आणणार आणि ते भार तरी कसा पेलणार? फिलिप्पो ब्रुनेलेस्की म्हणाला, सेंट्रिंग लागणारच नाही. हा माणूस शिकलेला होता सोनारकाम. १४०१ मध्ये बॅप्टिस्टरीच्या दारांसाठी स्पर्धा झाली, त्यात लोरेन्झो गिबेर्तीने त्याला मागे टाकलं होतं. हरलेल्या सोनाराने १४२० मध्ये घुमट हाती घेतला आणि १४३६ मध्ये पुरा केला.

केलं कसं, तर एकात एक असे दोन घुमट बांधले. आतला जाड, बाहेरचा पातळ, आणि दोन्हींना सांधणाऱ्या बरगड्या. विटा नुसत्या आडव्या थरांत न रचता मधूनमधून उभ्या विटांची नागमोडी वीण घातली. त्यामुळे ओला थर आतल्या बाजूला घसरत नाही आणि वर्तुळ पुरं झालं की ते स्वतःलाच धरून ठेवतं. माल वर चढवायला त्याने बैलांनी फिरवायचं यंत्र केलं होतं.

आपण चढतो ते या दोन घुमटांच्या मधल्या पोकळीतून. जिना अरुंद आहे, शेवटी शेवटी भिंती तिरक्या होतात आणि मान वाकडी करून चढावं लागतं. तिथे हाताशी त्या नागमोडी विटा दिसतात. वाटेत एक सज्जा लागतो, तिथून वासारी आणि झुक्कारी यांनी रंगवलेला अंतिम निवाड्याचा देखावा हाताच्या अंतरावर येतो. खालून जे चित्र म्हणून सुंदर दिसतं, त्यातल्या नरकातल्या आकृती जवळून पाहिल्या की घाबरायला होतं. वर पोचल्यावर लाल कौलं, नदी, पलीकडच्या टेकड्या. मी दहा मिनिटं नुसती कठड्याला टेकून उभी होते. धाप लागली होती हे एक कारण.

बंद जागेची भीती, दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर चढू नका. अर्ध्यावरून मागे फिरायला जागा नसते. मोठी बॅगही नेऊ देत नाहीत.

घुमटाऐवजी जोत्तोच्या मनोऱ्यावर, म्हणजे कॅथीड्रलच्या घंटेच्या मनोऱ्यावर चढलं तर?

तिथे ४१४ पायऱ्या आहेत, म्हणजे सवलत फार नाही. फायदा एकच, फोटोत घुमट येतो. घुमटावरून घुमटाचा फोटो कसा येणार?

आणि यांनी संग्रहालयात काय पाहिलं?

'म्युझियम म्हणजे वेळ घालवणं' म्हणणारे आमचे हे दीड तास आत होते.

बॅप्टिस्टरीच्या ज्या सोनेरी दारांपुढे सगळे फोटो काढतात, ती नक्कल आहे. गिबेर्तीची मूळ दारं या संग्रहालयात काचेमागे आहेत. पण यांना खिळवलं ते मायकेलअँजेलोच्या उतारवयातल्या एका शिल्पाने. क्रूसावरून उतरवलेला येशू आणि त्याला सावरणारी माणसं. हे शिल्प त्याने स्वतःच्या थडग्यासाठी घडवायला घेतलं होतं. काम मनासारखं होईना तेव्हा त्याने त्यावर हातोडा घातला, पुढे शिष्याने तुकडे जोडले. येशूचा डावा पाय तिथे नाहीच. मागे टोपी घातलेला म्हातारा उभा आहे, त्याचा चेहरा खुद्द शिल्पकाराचा मानला जातो. हे म्हणाले, "डावा पाय त्यालाही जमला नाही." गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, म्हणून लक्षात राहिलं.

तिकिटं कुठून काढली? आम्हाला दुप्पट भाव दाखवतायत.

आम्हीही फसलो, म्हणून सांगते. शोधल्यावर सगळ्यात वर जी संकेतस्थळं येतात ती बरेचदा दलालांची असतात. दिसायला अधिकृत वाटतात, पण तिकिटावर भरमसाट वरखर्च लावतात. आकादेमियाची तिकिटं आम्ही अशीच जवळजवळ दुप्पट पैसे देऊन घेतली आणि 'रांग टाळा' या शब्दांना भुललो. तिथे गेल्यावर कळलं की वेळ ठरवून तिकीट काढलेल्या सगळ्यांचीच ती एक रांग आहे. खुद्द संग्रहालयाच्या आणि कॅथीड्रलच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्या. सापडायला दहा मिनिटं जास्त लागली तरी चालेल.

कॅथीड्रलच्या परिसराचे पास तीन प्रकारचे आहेत. घुमटाचा पास आम्ही गेलो तेव्हा माणशी ३० युरो होता, त्यात घुमटाची वेळ ठरवावीच लागते आणि ती बदलता येत नाही. चढायचं नसेल तर संग्रहालय आणि बॅप्टिस्टरीचा स्वस्त पास घ्या, यांनी तोच घेतला. खुद्द कॅथीड्रलमध्ये जायला पैसे लागत नाहीत, रांग मात्र लागते. आतून ते बाहेरच्या मानाने रिकामं रिकामं वाटतं. आम्ही रांग पाहून सोडून दिलं आणि हळहळ वाटली नाही.

कपड्यांचं काही बंधन?

चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, बायकांचे आणि पुरुषांचेही. पंजाबी ड्रेस किंवा साडी असेल तर प्रश्नच नाही. बूट मात्र सवयीचे घाला. सगळे रस्ते दगडी फरशीचे आहेत, नव्या चपलांनी जिवाचे हाल होतात.

शाकाहारी लोकांनी खायचं काय?

उपाशी राहत नाही कुणी. पण 'शाकाहारी' या शब्दाचा त्यांचा आणि आपला अर्थ तपासून घ्यावा लागतो.

या गावाचं खरं खाणं गरिबाघरचं आहे. शिळा पाव, घेवडा आणि काळपट पालेभाजी एकत्र शिजवून रिबोल्लिता करतात. नावाचा अर्थच 'पुन्हा उकळलेलं'. शिळा पाव टोमॅटोत शिजवला की पाप्पा अल पोमोदोरो. आपण शिळ्या पोळीचा कुस्करा करतो त्यातलाच प्रकार, फक्त वर फोडणीऐवजी कच्चं ऑलिव्ह तेल. दोन्ही पोटभरीचे आणि स्वस्त. रिबोल्लिता मागवताना 'सेन्झा कार्ने, सेन्झा ब्रोदो दि कार्ने' म्हणा, म्हणजे मांस नको आणि मांसाचं पाणीही नको. पार्मेजान चीज वासराच्या पोटातल्या पदार्थाने विरजवतात. जे कडक पाळतात त्यांनी पास्त्यावर ते भुरभुरवू देऊ नये.

पाव तोंडात घातल्यावर वाटेल की मीठ विसरले. विसरले नाहीत, तस्कनी या इथल्या प्रांताचा पाव अळणीच असतो. कालवणाबरोबर खायचा म्हणून तो तसा. आपली भाकरीही नुसती कुठे खारट लागते?

आणि मांसाहारी?

इथलं नावाजलेलं मांस गोमांस आहे. बिस्तेक्का म्हणजे वजनावर विकला जाणारा जाडजूड तुकडा, बाहेरून भाजलेला आणि आत लाल. कोपऱ्याकोपऱ्यावरच्या गाड्यांवर मिळतं ते लाम्प्रेदोत्तो म्हणजे गाईच्या चौथ्या पोटाची वजडी, उकडून पावात घालून. खाणारे मिटक्या मारत खातात. आम्ही गोमांस खात नाही, म्हणून चवीबद्दल काही सांगू शकत नाही. वासाबद्दल सांगू शकते: सकाळी सकाळी नको.

सान लोरेन्झोजवळचं मेर्कातो चेन्त्राले हे मोठं लोखंडी मंडई-घर १८७४ चं आहे. खाली भाजी, चीज, मांस, आणि वर खाण्याची दुकानं. प्रत्येकाने आपलं आपलं आणून एका टेबलावर बसायचं. एक शाकाहारी आणि एक मांसाहारी अशा जोडप्यासाठी हे सगळ्यात सोयीचं. आम्ही तिथेच जेवलो.

हॉटेलात बिलावर 'कोपेर्तो' लावलं, ती लुबाडणूक का?

नाही. ते माणशी बसण्याचे आणि पावाचे पैसे, मेनूवर छापलेले असतात. कॉफीचंही तसंच. काउंटरपाशी उभं राहून प्यायलात तर एक भाव, टेबलावर बसलात तर दुसरा, आणि मोठ्या चौकातल्या टेबलावर बसलात तर तिसरा. यांनी चौकातल्या टेबलाची किंमत वाचली आणि गुडघा अचानक बरा झाला.

जेवणाच्या वेळा पाळा. दुपारी अडीचनंतर बरीच स्वयंपाकघरं बंद होतात आणि संध्याकाळी सात-साडेसातशिवाय उघडत नाहीत.

पाणी, संडास?

बाटली जवळ ठेवा, सार्वजनिक नळाचं पाणी पिण्यालायक असतं. सिन्योरिया चौकात नेपच्यूनच्या कारंज्याजवळ बाटली भरायची सोय आहे. स्टेशनवरच्या स्वच्छतागृहाला पैसे पडतात. एखाद्या ठिकाणी कॉफी घेतली की तिथलं वापरायचं, हा सोपा मार्ग. बायकांना सांगते: संग्रहालयातून बाहेर पडण्याआधी जाऊनच या.

डेव्हिड चौकातही आहे, मग आकादेमियात पैसे कशाला घालायचे?

चौकातला १९१० चा, नक्कल आहे. मूळ पुतळा १५०४ पासून तिथेच उघड्यावर उभा होता. ऊन-पावसापासून वाचवायला १८७३ मध्ये तो आकादेमियात हलवला. उंची ५.१७ मीटर. मी म्हणत होते नक्कल पाहू आणि पैसे वाचवू. माझं चुकलं असतं.

कारण आकादेमियात डेव्हिडकडे जाताना जी लांब दालनवाट आहे, तिच्या दोन्ही बाजूंना मायकेलअँजेलोचे अर्धवट राहिलेले कैद्यांचे पुतळे आहेत. कुणाचं धड दगडातून सुटलंय, डोकं अजून आतच आहे. छिन्नीच्या रेघा जशाच्या तशा. ते पाहत पाहत डेव्हिडपाशी पोचलं की कळतं, हाही असाच आत होता. आणि तो दगड टाकाऊ होता. आधीच्या शिल्पकाराने थोडं कोरून सोडून दिलेला, कित्येक वर्षं आवारात पडून राहिलेला. १५०१ मध्ये पंचविशी-सव्विशीतल्या पोराने तो मागून घेतला. उजव्या हाताच्या पंजाकडे बघा, शिरा फुगलेल्या आहेत. चौकातल्या नकलेत माझं त्याकडे लक्ष गेलं नसतं, कारण चौकात कुणी अर्धा तास एका पंजाकडे बघत नाही.

उफ्फिझी पाहिलंच नाही?!

नाही. या प्रश्नाच्या शेवटी नेहमीच दोन चिन्हं असतात.

बोत्तिचेल्लीची व्हीनस, लिओनार्दोचं सुरुवातीच्या काळातलं काम, काराव्हाज्जोची मेदुसा, सगळं तिथे आहे हे मला ठाऊक आहे. पण ती इमारत म्हणजे इथे राज्य करणाऱ्या मेदिची घराण्याची कचेरी, 'उफ्फिझी'चा अर्थच कचेऱ्या. लांबच लांब दालनं, तीन-चार तासांचं काम. डेव्हिड आणि घुमटानंतर तिथे घुसणं म्हणजे भरल्या पोटी पंगतीला बसणं. रात्री राहणार असाल तर दुसऱ्या दिवशी सकाळी जा, आणि घुमट-डेव्हिड यांतलं एक सोडणार असाल तरीही जा.

ही चित्रं फ्लॉरेन्समध्ये राहिली त्याचं श्रेय मात्र एका बाईला आहे. आन्ना मारिया लुइझा, मेदिची घराण्यातली शेवटची. पाठीमागे कुणी उरलं नव्हतं, राज्य दुसऱ्या घराण्याकडे चाललं होतं. तिने १७३७ मध्ये करार करून घेतला की आमचा संग्रह तुम्हाला मिळेल, पण यातलं काहीही शहराबाहेर न्यायचं नाही. आजही गाव त्याच करारावर जगतंय म्हणायला हरकत नाही.

फुकटात काय काय पाहिलं?

सिन्योरिया चौक. तिथली लोज्जा म्हणजे रस्त्यावरचं उघडं संग्रहालय, मेदुसाचं मुंडकं उंचावलेला चेल्लिनीचा पेर्सेउस तिथेच आहे. चौकात जमिनीत एक गोल शिळा आहे, तिच्यावरून लोक बेफिकीर चालत जातात. १४९८ मध्ये साव्होनारोला या धर्मोपदेशकाला तिथे फासावर चढवून जाळलं. त्याच माणसाच्या सांगण्यावरून आधीच्या वर्षी त्याच चौकात लोकांनी आरसे, गंजिफा, चित्रं जाळली होती.

मग पोन्ते वेक्यो. आजचा पूल १३४५ चा. पूर्वी इथे खाटकांची दुकानं होती, १५९३ मध्ये त्यांना उठवून सोनार बसवले, ते आजतागायत आहेत. १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने आर्नो नदीवरचे बाकी सगळे पूल उडवले, हा एक ठेवला. दुकानांच्या डोक्यावरून जी बंद गल्ली जाते ती वासारीने १५६५ मध्ये अवघ्या पाच महिन्यांत बांधली, मेदिचींना प्रजेत न मिसळता घरून कचेरीत जाता यावं म्हणून. मी पुलावर सोन्याचे भाव विचारले नाहीत. यांनी माझ्याकडे पाहिलं, मी नदीकडे.

संध्याकाळ मोकळी असेल तर बसने पियात्झाले मायकेलअँजेलोला जा, अख्खं गाव खाली दिसतं. आम्ही ते सोडलं, कारण आम्हाला दुसरीकडे जायचं होतं.

दुसरीकडे म्हणजे ती कोल्हापूरच्या महाराजांची छत्री? ती खरंच आहे?

आहे. आणि माझं माहेर कोल्हापूर, तेव्हा हे उत्तर थोडक्यात होणार नाही.

छत्रपती राजाराम महाराज, म्हणजे दुसरे राजाराम, १८७० मध्ये इंग्लंडला गेले. वय वीस. युरोप पाहून परत येताना फ्लॉरेन्समध्ये आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० ला तिथेच वारले. तेव्हा फ्लॉरेन्स इटलीची राजधानी होतं, १८६५ ते १८७१ या थोड्या काळापुरतं. गावात दहनाची रीत नव्हती, खास परवानगी काढावी लागली. नदीकाठी, संगमावर दहन व्हावं म्हणून जागा निवडली ती काशिने उद्यानाच्या पार टोकाला, जिथे मुन्योने नावाचा ओढा आर्नोला मिळतो. आपल्याकडे पंचगंगेचा घाट, तिथे हे. गावातले लोक ते पाहायला मोठ्या संख्येने जमले होते.

१८७४ मध्ये तिथे छत्री उभी राहिली. रेखाटन मेजर चार्ल्स मँटचं, ज्याने पुढे कोल्हापूरचा न्यू पॅलेस रेखला, तोच. खाली महाराजांचा अर्धपुतळा आहे, रंगवलेला, फेटा आणि दागिन्यांसकट. तो चार्ल्स फुलर या इंग्रज शिल्पकाराचा. भोवती कठडा आहे, जवळ जाऊन हात लावता येत नाही.

मी लहानपणापासून न्यू पॅलेससमोरून गेले आहे. इतक्या लांब, सपाट हिरव्या मैदानाच्या शेवटी, झाडांमध्ये ती घुमटी दिसली तेव्हा काय वाटलं हे फोनवर कुणाला सांगता आलं नाही, इथेही जमत नाही. हे चप्पल काढून उभे राहिले. शेजारून एक मुलगा सायकलवरून गेला, त्याने वळून पाहिलं.

एक गोष्ट मला नंतर सुचली. सकाळी दुओमोचा जो हिरवा-गुलाबी-पांढरा दर्शनी भाग पाहून आपण थक्क होतो, तो १८८७ मध्ये पुरा झाला. राजाराम महाराजांनी पाहिलं असेल ते कॅथीड्रल समोरून बोडकंच.

तिथे जायचं कसं?

सांता मारिया नोव्हेल्ला स्टेशनजवळून टी-१ ट्राम स्कान्दिच्चीच्या दिशेने, 'काशिने' थांब्यावर उतरा. तिकीट १.७० युरो होतं, आणि कार्डानेही चालतं. पुढे नदीच्या कडेने पश्चिमेला सरळ चालायचं, अर्धा-पाऊण तास. रस्ता सपाट आहे, यांचा गुडघा काही बोलला नाही. समोर दोरखंडांवर तोललेला मोठा पूल दिसू लागला की पोचलात. सत्तरच्या दशकातल्या त्या पुलाचं नावच 'पोन्ते आल्लिन्दियानो', म्हणजे हिंदी माणसाचा पूल. कुणालाही 'इन्दियानो' विचारलं की दिशा दाखवतात. कोण इन्दियानो, हे मात्र आम्ही विचारलेल्या दोघांना माहीत नव्हतं. मग यांनी खाणाखुणा करून सांगितलं.

अंधार व्हायच्या आत परत फिरा, उद्यानाचं ते टोक निर्मनुष्य होतं. मंगळवारी सकाळी उद्यानात मोठा आठवडी बाजार भरतो, तो जमला तर पाहा.

फुलं नेली होती का?

न्यायची होती. स्टेशनजवळ फुलवाला सापडला नाही आणि ट्राम समोर उभी होती. जाणार असाल तर सकाळीच घेऊन ठेवा.

भाड्याची मोटार घेऊन गेलं तर?

गावाच्या मधल्या भागात बाहेरच्या गाड्यांना बंदी आहे आणि कॅमेरे लावलेले आहेत. दंडाची चिठ्ठी काही महिन्यांनी पुण्याच्या पत्त्यावर येते. भाच्याच्या मित्राला आली. गाडी गावाबाहेर ठेवा आणि ट्रामने आत या.

खरेदी?

चामड्यासाठी गाव प्रसिद्ध आहे. सान लोरेन्झोच्या टपऱ्यांवर घासाघीस चालते, पण सगळाच माल इथला नसतो. सांता क्रोचे चर्चच्या मागे चामड्याची शाळा आहे, तिथे कारागीर काम करताना दिसतात. भाव चढे. मी यांच्यासाठी एक पट्टा घेतला. पदपथावर चादर पसरून नावाजलेल्या ब्रँडच्या पर्स विकतात, त्या घेऊ नका. नकली माल विकत घेणाऱ्यालाही तिथे दंड होतो.

खिसेकापूंचं काय?

पुण्याच्या बसमध्ये जेवढं सांभाळता तेवढं पुरे. पासपोर्ट पोटाशी, फोन मागच्या खिशात नाही.

पुन्हा गेलात तर काय वेगळं कराल?

रात्री राहू. उफ्फिझी आणि सांता क्रोचे, जिथे मायकेलअँजेलो आणि गॅलिलिओ दोघंही पुरलेले आहेत, हे दुसऱ्या दिवसाला ठेवू. हे म्हणतात, घुमटावर पुन्हा मी एकटीच जावं. आणि फुलं सकाळीच घेऊ.